जुन्या फिल्म होल्डरचा लाइट ट्रॅप: आधी स्प्रिंग, मग मखमल

प्रश्न असा आहे: जुन्या लाकडी ५×७ इंची फिल्म होल्डरांचा (मोठ्या कॅमेऱ्याच्या मागे बसणाऱ्या, दोन्ही बाजूंना एकेक सुटी फिल्म धरणाऱ्या चपट्या चौकटींचा) एक संच हाती आला आहे. त्यांतल्या काही होल्डरांमधून आलेल्या निगेटिव्हवर एका टोकाकडून आत पसरत जाणारा काळपट पंखा दिसतो. फिल्म झाकणारी सरकती पाटी, म्हणजे डार्क स्लाइड, ज्या खाचेतून आत जाते तिथली मखमल विरली आहे. तेव्हा छोट्या कॅमेऱ्यांच्या मागच्या झाकणासाठी मिळणारा, पाठीला गोंद असलेला फोम त्या खाचेत बसवला तर काम भागेल का?

फोम बसवू नका, हे आधीच सांगतो. पण त्याचे कारण नीट समजले तरच पुढची दुरुस्ती बरोबर होईल. माझ्या अनुभवात या कामात सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो मखमलीच्या मागे लागल्यामुळे. दोष बहुतेक वेळा तिच्या मागच्या स्प्रिंगमध्ये असतो.

लाइट ट्रॅप, म्हणजे या खाचेतून प्रकाश आत येऊ न देणारी रचना, कशी चालते ते पाहू. डार्क स्लाइड आत असते तेव्हा खाच स्लाइडनेच भरलेली असते, त्यामुळे त्या वेळी ट्रॅपवर फारसा भार नसतो. खरी परीक्षा स्लाइड पूर्ण बाहेर काढल्यावर होते. त्या क्षणी स्लाइडच्या जाडीइतकी आणि होल्डरच्या रुंदीभर लांब अशी एक फट मोकळी होते, आणि ती फट लगेच, सगळ्या लांबीवर, दोन्ही कोपऱ्यांपर्यंत मिटली पाहिजे. मिटवण्याचे हे काम मखमल करत नाही. तिच्या मागे पितळेची किंवा फॉस्फर ब्रॉन्झची पातळ, किंचित बाक दिलेली पट्टी असते. पुष्कळदा त्या पट्टीला कंगव्यासारख्या चिरा दिलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक बोट स्वतंत्रपणे दाब देते. स्लाइड निघाली की ही पट्टी उसळून समोरच्या भिंतीला टेकते. मखमलीचे काम त्यानंतरचे: धातू आणि लाकूड यांच्यात जी सूक्ष्म उंचसखलता राहते ती तिच्या लवेने भरून काढणे, आणि स्लाइडवर ओरखडे न पडू देणे.

आता एखादा होल्डर वर्षानुवर्षे स्लाइड आत ठेवून पडून राहिला, की ती पट्टी सतत दबलेल्या अवस्थेत राहते आणि हळूहळू तिचा बाक जातो. मखमल वरून झिजलेली दिसते म्हणून आपण तिला दोष देतो, पण नवी मखमल लावूनही स्प्रिंग उसळत नसेल तर फट तशीच राहते. उलट, लव विरळ झालेली असूनही स्प्रिंग जिवंत असल्यामुळे प्रकाश अजिबात आत न येऊ देणारे जुने होल्डर मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांना हात लावलेला नाही.

फोम का नको, हेही यावरूनच कळते. फोमला स्वतःची उसळी असते खरी, पण दबून राहिला की तो ती लवकर गमावतो, आणि फिल्म होल्डरमध्ये तर तो जवळजवळ नेहमीच दबलेला असणार. पॉलियुरेथेनचा फोम काही वर्षांनी दमटपणामुळे विघटित होऊन चिकट, काळ्या डांबरासारखा होतो. जुन्या कॅमेऱ्यांच्या आरशाजवळ तो चिखल आपण पाहिला असेल. कॅमेऱ्याच्या झाकणाखाली तो निदान एका जागी थांबतो. होल्डरमध्ये मात्र स्लाइड प्रत्येक वेळी त्यावरून घासत जाते आणि तो चिकटा थेट फिल्मवर नेऊन ठेवते. शिवाय फोम स्लाइडला घट्ट धरतो. घट्ट ट्रॅप हा सैल ट्रॅपइतकाच वाईट असतो. स्लाइड ओढताना जोर लावावा लागला की होल्डर कॅमेऱ्याच्या मागच्या चौकटीतून किंचित उचलला जातो, आणि जी गळती आपण खाचेत बंद केली ती चौकटीच्या बाजूने पुन्हा आत येते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी गळती खरोखर खाचेतूनच होते आहे का, हे ठरवणे आवश्यक आहे. मी निगेटिव्ह हातात घेतल्यावर पहिल्यांदा त्याच्या कडा पाहतो. होल्डरमधल्या पन्हाळी फिल्मच्या कडा झाकतात, म्हणून निगेटिव्हभोवती एक अरुंद पारदर्शक किनार उरते. काळेपणा चित्राच्या चौकटीत सुरू होऊन चौकटीतच संपत असेल आणि किनार स्वच्छ असेल, तर संशय आधी कॅमेऱ्यावर, म्हणजे भात्यावर (कॅमेऱ्याच्या घड्या असलेल्या, लांबवता येणाऱ्या भागावर) किंवा लेन्सबोर्डावर (लेन्स बसवलेल्या फळीवर) घ्यावा. काळेपणा किनारीतही शिरला असेल, तर तो होल्डरमधून किंवा फिल्म भरताना आलेला असण्याची शक्यता जास्त. ही खूण बहुतेक वेळा खरी ठरते, पण प्रत्येक वेळी नाही. म्हणून केवळ तिच्यावर विसंबून कोणताही होल्डर उघडू नये.

दुसरी खूण गळतीच्या जागेची. खाचेतून येणारा प्रकाश खाचेच्या टोकाला गडद असतो आणि आत पसरत फिका होत जातो. कॅमेऱ्यातली प्रतिमा १८० अंशांत फिरलेली असते, हे विसरले की इथे हमखास गोंधळ होतो: होल्डरची खाच वर असेल तर गळती सरळ धरलेल्या चित्राच्या तळाशी दिसते, आणि खाच आपल्या उजवीकडे असेल तर चित्रात डावीकडे. खाचेच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे फिल्म भरण्याच्या झडपेकडे डाग असेल, तर लाइट ट्रॅपचा काहीही संबंध नाही. तिथे बहुधा झडपेच्या बिजागरीचे कापड फाटलेले असते. एकाच कोपऱ्यात बारीक, धारदार त्रिकोण येत असेल, तर होल्डर तपासण्याआधी आपली स्लाइड घालण्याची पद्धत तपासावी. स्लाइडचा एक कोपरा आधी आत सारला की तो ट्रॅपला तेवढ्याच ठिकाणी उघडून धरतो आणि शेजारच्या फटीतून प्रकाश आत जातो. स्लाइड नेहमी दोन्ही कोपरे एकदम टेकवून, सरळ आत सारावी. एवढ्या सवयीने काही ‘बिघडलेले’ होल्डर बरे होतात.

याशिवाय खुद्द स्लाइड पाहावी. जुन्या स्लाइड एबोनाइटच्या किंवा दाबलेल्या फायबरच्या असतात. त्या मुठीजवळ तडकतात, कधी वाकतात, आणि त्यांना टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. अंधाऱ्या खोलीत प्रखर टॉर्चवर स्लाइड आडवी धरून हळूहळू सरकवली की छिद्र असल्यास लगेच दिसते. छिद्राचा डाग निगेटिव्हवर गोलसर आणि सुटा येतो, पंख्यासारखा नाही.

खाचेची थेट परीक्षा करण्याची मला आवडणारी पद्धत अशी आहे. रात्री खोलीत पूर्ण अंधार करावा. कॅमेऱ्याचा लेन्सबोर्ड काढून भात्याच्या आत एक छोटा, तेजस्वी एलईडी टॉर्च मागच्या बाजूकडे तोंड करून ठेवावा आणि लेन्सबोर्डाचे भोक काळ्या कापडाच्या घड्यांनी पूर्ण बंद करावे. मग रिकामा होल्डर कॅमेऱ्यात बसवून पुढची स्लाइड काढून घ्यावी. डोळे अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. घाई केली तर काहीच दिसत नाही आणि सगळे ठीक आहे असा खोटा दिलासा मिळतो. त्यानंतर खाचेच्या समोरून आणि थोड्या तिरक्या कोनांतूनही पाहावे. थकलेला ट्रॅप असेल तर खाचेत प्रकाशाची बारीक रेघ दिसते, बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला, कारण पट्टी मध्ये टेकते आणि कोपऱ्यात अपुरी पडते. होल्डरच्या चारी कडांनी प्रकाश दिसला, तर दोष होल्डर आणि कॅमेरा यांच्या बैठकीत आहे, आणि भात्यावर ठिपके चमकले तर ते कामही समोर आले. एकाच तपासणीत तीनही शक्यता वेगळ्या होतात, म्हणून मी हिला सोडत नाही.

दुरुस्ती करावी की करू नये, हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. लाकडी होल्डर उघडण्याजोगे असतात. त्यांच्या खाचेच्या टोकावरची अरुंद पट्टी बहुधा बारीक स्क्रूंनी किंवा खिळ्यांनी बसवलेली असते. नंतरच्या काळातल्या पुष्कळ प्लॅस्टिकच्या होल्डरांत मात्र हे भाग चिकटवलेले किंवा वितळवून जोडलेले असतात, आणि उघडताना कड तुटली तर होल्डर संपला. ४×५ आकाराचे प्लॅस्टिकचे होल्डर वापरलेल्या स्थितीत सहज मिळतात, म्हणून तशा एका होल्डरसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा तो बाजूला ठेवणे शहाणपणाचे. ५×७, ८×१०, किंवा हाफ प्लेट, होल प्लेट अशा जुन्या मापांचे होल्डर सहज मिळत नाहीत, त्यामुळे तिथे दुरुस्तीचे श्रम सार्थकी लागतात. लाकूडच फुगले असेल, सांधे निखळले असतील किंवा मधला पत्रा वाकला असेल, तर आधी ते काम. लाइट ट्रॅप नंतर. होल्डरच्या बाहेरच्या बैठकीपासून फिल्म टेकते त्या पत्र्यापर्यंतची खोली ४×५ साठी ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिलिमीटर, आणि तीही ०.००७ इंचाच्या फरकाच्या मर्यादेत असावी लागते. ५×७ साठी ती ०.२२८ इंच आहे. ती खोली गेली असेल तर प्रकाश अडवूनही फोकस चुकणारच.

म्हणजे इथपर्यंत आपण एवढे निश्चित केले: डाग खाचेच्या टोकाला आहे, स्लाइड धड आहे, स्लाइड सरळ आत सारली जाते, टॉर्चच्या प्रकाशात खाचेत रेघ दिसते आणि होल्डर उघडण्याजोगा आहे. आता तो उघडावा.

खाचेवरची पट्टी काढण्यापूर्वी स्लाइड बाहेर काढून ठेवावी आणि पट्टीची कोणती बाजू कुठे होती याची पेन्सिलीने खूण करावी. जुने स्क्रू बारीक असतात आणि त्यांच्या डोक्यावरची चीर गेलेली असते. चिरेत बरोब्बर बसणारा स्क्रूड्रायव्हर नसेल तर थांबावे आणि तो मिळवावा. खिळे असतील तर पट्टीखाली पातळ, बोथट पाते घालून दोन्ही टोकांकडून थोडेथोडे उचलावे. एका टोकाने उचकटली तर पट्टी मधोमध मोडते. जुना सरस कडक झालेला असतो, तो किंचित ऊब दिल्यावर सैल होतो. पण ऊब लाकडाला द्यावी, आतल्या धातूला नाही, कारण स्प्रिंगची ताकद थंड अवस्थेत ओढून-दाबून आलेल्या कडकपणात असते आणि तापवल्यावर ती निघून जाते. त्याच कारणाने या स्प्रिंगजवळ सोल्डरिंगही करू नये.

पट्टी उचलल्यावर काय दिसते ते जरा थांबून पाहावे. चांगल्या स्थितीतली स्प्रिंग बाहेर काढून सपाट काचेवर ठेवली तर तिचा बाक डोळ्यांना दिसतो आणि बोटाने दाबून सोडली की ती टुणकन वर येते. थकलेली स्प्रिंग काचेला चिकटून पडते. काही बोटे उभी आणि काही निजलेली असली, तर गळती नेमकी निजलेल्या बोटांच्या समोर असते. टॉर्चच्या तपासणीत दिसलेली रेघ आणि ही जागा जुळली की निदानाबद्दल शंका उरत नाही.

धातू निरोगी असेल, तडा नसेल, तर तीच पट्टी पुन्हा जिवंत करता येते. एका गुळगुळीत गोल दांड्यावर, साधारण पेन्सिलीच्या जाडीच्या, तिची लांब कड समांतर धरून अंगठ्याने सगळ्या लांबीवर थोडाथोडा बाक द्यावा. एकाच वेळी पूर्ण बाक देऊ नये, कारण जुने पितळ ठिसूळ झालेले असू शकते आणि बोटाच्या मुळाशी तडकते. एखादे जरी बोट तडकले तर संपूर्ण पट्टी नवी करावी. तुटक्या बोटाच्या जागी कागद किंवा टेप भरून तात्पुरते काम करण्यात अर्थ नाही.

नव्या पट्टीसाठी मी ०.१ मिलिमीटर जाडीचा फॉस्फर ब्रॉन्झचा पत्रा वापरतो. जुन्या पट्टीची जाडी मायक्रोमीटरने मोजता आली तर तीच जाडी घ्यावी, कारण होल्डर तिच्या हिशेबानेच बनवलेला आहे. पत्रा कात्रीने कापला तर कड वळते आणि ती वळलेली कड पुढे मखमल कापते. म्हणून पोलादी पट्टी धरून कटरने हलक्या हाताने अनेकदा रेघ ओढावी आणि मग वाकवून तोडावा. पत्रा लाटताना ज्या दिशेने गेला असेल त्या दिशेला आडवी वळणाची रेषा ठेवली तर तो तडकत नाही. लाटण्याच्या बारीक समांतर रेषा तिरक्या उजेडात दिसतात. बोटांच्या चिरा सुमारे सेंटिमीटरभर अंतराने द्याव्यात आणि त्या विरुद्ध कडेपर्यंत नेऊ नयेत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट लांबी: पट्टी खाचेच्या अगदी दोन्ही टोकांना पोचली पाहिजे. बाक नीट असूनही कोपऱ्यात दीड-दोन मिलिमीटर अपुरी पडलेली पट्टी ही पुन्हापुन्हा दिसणारी चूक आहे.

फॉस्फर ब्रॉन्झ न मिळाल्यास पातळ पॉलिएस्टरची पट्टी लांबीच्या दिशेने ‘व्ही’ आकारात दुमडून स्प्रिंग म्हणून वापरता येते. ती गंजत नाही आणि हाताळायला सोपी असते. मात्र दुमडीची उसळी धातूइतकी टिकत नाही, त्यामुळे मी तिला दुसरा पर्याय मानतो. शिवाय ती पारदर्शक असेल तर तिच्या टोकांतून प्रकाश वाहत आत येऊ शकतो, म्हणून काळीच घ्यावी.

आता मखमल. ती शक्य तितकी पातळ, आखूड आणि दाट लवेची असावी. शिवणकामाची जाड मखमल दिसायला छान असते, पण ती या खाचेत मावत नाही; मावलीच तर स्लाइड अडते. जुन्या मखमलीचा एखादा न झिजलेला तुकडा स्प्रिंगच्या टोकाच्या घडीखाली सापडतो. त्याची जाडी दोन काचांच्या मध्ये धरून पाहावी आणि त्याच्या जवळपासची जाडी शोधावी. लोकरीचे फेल्ट टाळावे, कारण त्याला कसर लागते. कापडाचा रंग सुटतो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. कापताना कापडाच्या उलट्या बाजूने, फक्त विणीपुरते पाते चालवावे म्हणजे लव कापली जात नाही. कापल्यानंतर चिकटपट्टीने सगळा तुकडा पुन्हापुन्हा टिपून सुटे धागे काढून टाकावेत. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेक लोक ती गाळतात. पण सुटलेला प्रत्येक धागा उद्या फिल्मवर बसणार आहे, एक्स्पोजरच्या वेळी तिथला प्रकाश अडवणार आहे, आणि प्रिंटवर काळी अळी होऊन उमटणार आहे.

लवेला दिशा असते. हात फिरवला की एका बाजूने ती निजते आणि दुसऱ्या बाजूने उभी राहते. मी ती होल्डरच्या आतल्या दिशेने निजेल अशी लावतो. कारण धोका आत सारताना असतो: त्या वेळी स्लाइडची धार मखमलीच्या कडेला भिडते आणि लव विरुद्ध दिशेची असेल तर कापड उचलून गुंडाळू पाहते. बाहेर ओढताना मखमलीवरून नुसता सपाट पृष्ठभाग सरकतो, त्याने कापड सहसा उखडत नाही. काही अनुभवी लोक याच्या उलट लावतात, कारण तशाने धूळ बाहेर झाडली जाते असे ते मानतात. त्यांचा मुद्दा मी नाकारत नाही. पण उखडलेली मखमल हा धुळीपेक्षा मोठा त्रास आहे, म्हणून माझी निवड ठरलेली आहे.

चिकटवण्यासाठी कॉन्टॅक्ट अॅढेसिव्हचा अगदी पातळ थर धातूवर द्यावा, तो बोटाला ओला लागेनासा होईपर्यंत थांबावे आणि मग कापड अलगद ठेवून दाबावे. गोंद कापडाला लावला किंवा ओला असताना कापड ठेवले, तर तो विणीतून वर येतो आणि लव ताठ होते. ताठ लव म्हणजे सँडपेपर. मखमलीची मागची कड स्प्रिंगच्या मुळाशी वळवून खाली दाबावी, म्हणजे ती वरच्या पट्टीच्या दाबाखाली धरली जाते आणि केवळ गोंदावर तिचा भार राहत नाही. पुढची मोकळी कड मात्र गोंदविरहित, दोनेक मिलिमीटर बाहेर राहिलेली चांगली.

गोंदाबद्दल आणखी एक सांगायला हवे. फिल्म केवळ प्रकाशानेच काळवंडत नाही. विल्यम जेम्स रसेल या रसायनशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात दाखवून दिले होते की राळ असलेली लाकडे, सुकत असलेली जवसाच्या तेलासारखी तेले आणि काही ताजे घासलेले धातू पूर्ण अंधारातही फोटोग्राफिक प्लेटवर परिणाम करतात. त्यामागे त्यांच्यातून सुटणारे हायड्रोजन पेरॉक्साइड असते. म्हणून दुरुस्त केलेल्या होल्डरला आतून ताजे तेलकट व्हार्निश लावू नये, आणि गोंद हाताला कोरडा लागला म्हणजे झाले असे समजू नये. होल्डर स्लाइड काढून, झडप उघडी ठेवून, धूळ बसणार नाही अशा जागी आठवडाभर तरी हवेशीर ठेवावा. वास पूर्ण गेल्याशिवाय मी त्यात फिल्म घालत नाही.

जोडणी करताना वरची पट्टी आधी नुसती दाबून धरावी आणि स्लाइडच्या जागी पातळ कागदाची दोन बोटे रुंद पट्टी खाचेत घालून ओढून पाहावी. ती अडकू नये आणि सैलही निघू नये. हलका, एकसारखा विरोध जाणवला पाहिजे. हीच परीक्षा डाव्या कोपऱ्यात, मधोमध आणि उजव्या कोपऱ्यात करावी. तिन्ही ठिकाणी हाताला सारखेच लागेपर्यंत बोटांचा बाक कमीजास्त करावा. मग प्रत्यक्ष स्लाइड घालून पाहावी: ती एका हाताच्या दोन बोटांनी सहज निघाली पाहिजे. जास्त जोर लागत असेल तर बाक कमी करायचा. स्लाइडला मेण, सिलिकॉन किंवा ग्रॅफाइट लावायचे नाही. असे काहीही लावले की ते मखमलीत जाते, मखमलीतून फिल्मवर जाते आणि परत काढता येत नाही. खिळ्यांची भोके सैल झाली असतील तर त्यांत लाकडाची काडी सरसात बुडवून ठोकावी, वर काडी कापून नवे भोक पाडावे. वरची पट्टी सगळ्या लांबीवर घट्ट बसली नाही तर स्प्रिंग तिलाच वर ढकलते.

झडपेच्या बिजागरीचे काम त्या मानाने सोपे आहे. पुस्तकबांधणीचे पातळ काळे कापड आणि त्याच कामाचा पांढरा गोंद पुरेसा. वायरिंगची काळी टेप लावू नये, उन्हात तिचा गोंद पाझरतो. नवे कापड लावताना झडप दोन्ही बाजूंना पूर्ण वळते आहे ना, आणि ज्या खोबणीत स्लाइडचे टोक जाऊन बसते तिथे कापडाचा थर वाढलेला नाही ना, एवढे पाहावे. थर वाढला तर स्लाइड केसभर अलीकडेच थांबते आणि झडपेच्या कडेला नवी फट तयार होते.

शेवटची चाचणी. पुष्कळ जण फोटोग्राफिक कागद होल्डरमध्ये भरून उन्हात ठेवतात. ही चाचणी चांगली आहे, सेफलाइटखाली (कागदावर परिणाम न करणाऱ्या मंद रंगीत दिव्याखाली) कागद भरता येतो, आणि फिल्म वाया जात नाही. फक्त कागदाचा वेग, म्हणजे प्रकाशाला तो किती लवकर प्रतिसाद देतो, हे ध्यानात ठेवावे. हा वेग आयएसओच्या मापात साधारण एक अंकी असतो, म्हणजे आयएसओ ४०० ची फिल्म त्याच्यापेक्षा सुमारे शंभरपट वेगवान. कागदाला दहा मिनिटे ऊन दाखवणे म्हणजे त्या फिल्मला जेमतेम सहा सेकंद दाखवण्यासारखे आहे. तेव्हा दोन्ही स्लाइड आत ठेवून, होल्डर फिरवत, प्रत्येक कड उन्हाकडे करून भरपूर वेळ द्यावा. त्यात कागद स्वच्छ निघाला तर स्लाइड, झडप आणि सांधे ठीक आहेत एवढेच सिद्ध झाले; ट्रॅपची परीक्षा त्यात झालेली नाही, कारण खाच तर स्लाइडने भरलेली होती.

ट्रॅपसाठी होल्डर कॅमेऱ्यात बसवावा, लेन्स झाकणाने बंद ठेवावी, स्लाइड काढावी आणि खाचेवर सगळ्या बाजूंनी टॉर्च फिरवावा. ही चाचणी मी कागदाने सुरू करतो आणि फिल्मने संपवतो, कारण फार मंद गळतीला कागद दादच देत नाही. दोन्ही बाजूंच्या खाचा वेगवेगळ्या तपासाव्यात; एक बाजू दुरुस्त करताना दुसरी नकळत सैल झालेली असू शकते.

संचातले सगळे होल्डर एकदम उघडू नयेत. प्रत्येक होल्डरच्या प्रत्येक बाजूला क्रमांक द्यावा आणि फिल्मची कड झाकणाऱ्या ओठावर कानसेने बारीक खाच पाडावी, प्रत्येक बाजूला वेगळ्या जागी. तिचा आकार निगेटिव्हच्या किनारीवर उमटतो, त्यामुळे गळती कोणत्या बाजूची आहे हे पुढे कधीही वहीशिवाय कळते. आपल्या संचातले जे होल्डर टॉर्चच्या तपासणीत रेघ दाखवणार नाहीत त्यांची मखमल विरळ दिसली तरी ती तशीच राहू द्यावी. ज्यांत रेघ दिसते त्यांपैकी सर्वांत वाईट होल्डर आधी घ्यावा, तो पूर्ण करून त्यावर फिल्म चालवून पाहावी आणि मगच दुसऱ्याचे स्क्रू काढावेत. दुरुस्तीनंतरही उन्हात काम करताना स्लाइड काढण्यापूर्वी होल्डर एका हाताने चौकटीवर दाबून धरावा, स्लाइड सरळ रेषेत ओढावी, आणि एक्स्पोजर लांब असेल तर खाचेवर काळे कापड टाकावे.